दातूंचे वंशज आणि कराचे कागद: फिलिपिन्सच्या जुन्या घराण्यांची वंशावळ कशी वाचायची

शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. ही तिथी वाचून कोणालाही आपल्याकडच्या एखाद्या ताम्रपटाची आठवण येईल. ताम्रपटावरचीच आहे ती, पण तो ताम्रपट फिलिपिन्समधला आहे. मनिलाजवळच्या मोठ्या सरोवराला मिळणाऱ्या लुम्बांग नदीच्या मुखाशी १९८९ साली तांब्याचा एक काळवंडलेला पत्रा सापडला. लांबी तीस सेंटिमीटरच्या आत, रुंदी वीसच्या आत, त्यावर दहा ओळी. लिपी जावा बेटावरची कावी, भाषा जुनी मलय आणि तिच्यात संस्कृतची दाट पेरणी. अन्तून पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. सुरुवातच 'स्वस्ति' आणि 'शकवर्षातीत ८२२' अशी आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन ९००. नेमकी तारीख २१ एप्रिल. फिलिपिन्समध्ये सापडलेला तारीख असलेला सर्वात जुना लेख हाच.

मजकूर कर्जमाफीचा आहे. नामवरान नावाच्या माणसावर १ काती ८ सुवर्ण इतकं सोन्याचं देणं होतं. आजच्या मापात ते सुमारे ९२६ ग्रॅम होतं असा हिशोब मांडला जातो. मनिलाजवळच्या तोंदो या वसाहतीच्या प्रमुखाच्या वतीने ते माफ झालं आणि तसा लेख नामवरानच्या मुलांच्या, म्हणजे अंगकातान आणि बुका यांच्या हाती दिला गेला. पुढे कोणी म्हणालं की देणं फिटलेलं नाही, तर वंशजांनी हा पत्रा दाखवायचा.

बाप आणि मुलं ही दोन पिढ्यांची नावं धातूवर कोरली गेली, कारण पुढच्या पिढीला कोणी पैसे मागू नयेत. जुन्या फिलिपिनो घराण्यांच्या वंशावळीचे कागद वाचताना हे पहिल्या पानापासून लक्षात ठेवावं लागतं. तिथे कुळाचा इतिहास म्हणून कोणी वंशावळ लिहून ठेवली असं फार क्वचित घडलं. काही द्यायचं होतं, काही माफ करून घ्यायचं होतं किंवा गादीवर हक्क सांगायचा होता, तेव्हाच आजोबा-पणजोबांची नावं कागदावर आली. म्हणून कागद हातात घेतला की आधी विचारायचं: हा कशासाठी लिहिला, आणि यातून कोणाचा काय फायदा होणार होता?

घराणी कोणाची होती

स्पॅनिश लोक १५२१ साली पहिल्यांदा आले आणि १५६५ पासून कायमचे बसले. तेव्हा या बेटांवर एकछत्री राज्य नव्हतं. लोक बारांगायांमध्ये राहत. बारांगाय म्हणजे एका प्रमुखाच्या नात्यातली आणि आश्रयातली माणसं. हा शब्द होडीच्या नावावरून आला. हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १५८९ साली तागालोग चालीरीतींची नोंद केली. तो लिहितो की एका प्रमुखाकडे कधी शंभर घरं असत, तर कधी तीसहूनही कमी. या प्रमुखाला दातू म्हणत. तागालोग भागात ज्या वरच्या थरातून दातू येत त्याला मागिनोओ असं नाव होतं. मोठ्या बंदरांचे प्रमुख राजा किंवा लाकान ही पदवी लावत: तोंदोचा लाकान दुला, मायनिलाचे, म्हणजे आजच्या मनिलाचे, राजा मातांदा आणि राजा सुलायमान, सेबूचे राजा हुमाबोन आणि पुढे राजा तुपास.

'माहार्लिका' या शब्दावर बरेच जण फसतात. तो संस्कृत 'महर्द्धिक' वरून आला आणि आज फिलिपिन्समध्ये त्याचा अर्थ सर्रास 'राजघराणं' असा घेतला जातो. प्लासेन्सियाच्या नोंदीत मात्र माहार्लिका म्हणजे स्वतंत्र लोक: खंडणी न देणारे, पण दातूबरोबर लढाईला जाणारे. तेव्हा घरच्या कागदावर 'आमचे पूर्वज माहार्लिका' असं लिहिलेलं असलं तरी त्यातून दातूपद सिद्ध होत नाही. त्यांच्याखाली आलिपिन, म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात बांधील असलेली माणसं. स्वतंत्र माणूस आणि आलिपिन यांचं लग्न झालं तर मुलं वाटली जात: पहिलं, तिसरं, पाचवं बापाच्या बाजूला आणि दुसरं, चौथं, सहावं आईच्या. एकाच आईबापांच्या दोन मुलांचा दर्जा वेगळा असू शकत होता, आणि पुढे त्यांच्या वंशजांचाही.

इथे नातं दोन्हीकडून मोजलं जातं. आपल्या कुलवृत्तांतासारखी बापाकडून मुलाकडे जाणारी सरळ ओळ शोधत बसलात तर निम्मे धागे हातून निसटतील. आईकडचं दातूपणही तितकंच खरं धरलं जाई. स्पॅनिश काळातल्या अर्जांत 'आईकडून पणजी अमुक प्रमुखाची मुलगी' असा दावा वारंवार येतो. त्याला दुय्यम समजून बाजूला ठेवू नये.

नावं का जुळत नाहीत

त्या काळात आडनाव नव्हतं. माणसाला एक नाव असे, आणि मूल झालं की तेही बदले. पहिल्या मुलाच्या नावावरून बापाला 'अमुकचा बाप' म्हणत. तागालोगमध्ये आमा म्हणजे बाप आणि नी म्हणजे चा. १५८७-८८ मध्ये तोंदोच्या प्रमुखांनी स्पॅनिशांविरुद्ध कट केला. त्याच्या खटल्यातल्या नावांत लुइस आमानिकालाव भेटतो आणि त्याचा मुलगा कालाव. 'आमानिकालाव' हे आडनाव मानलं तर मुलाचं आडनाव वेगळं का, असा प्रश्न पडतो. फोड केली, आमा-नी-कालाव, की उत्तर मिळतं: तो कालावचा बाप. इथे वंशावळीची पायरी नावातच दडलेली आहे. 'आमा'ने सुरू होणारं नाव सोळाव्या शतकाच्या कागदात दिसलं की फोड करून पाहायची आणि त्याच यादीत मुलगा सापडतो का ते तपासायचं.

मग बाप्तिस्मा आला. लाकान दुला कार्लोस झाला, तुपास १५६८ साली फेलिपे झाला. ख्रिस्ती नाव पुढे आणि जुनं नाव मागे गेलं. पुढच्या पिढीने कधी ते मागचं नाव धरून ठेवलं, कधी सोडून दिलं. लाकान दुलाचाच एक मुलगा मागात सालामात, दुसरा दिओनिसिओ कापुलोंग, जो कान्दाबाचा प्रमुख होता. बाप आणि दोन मुलगे, तिघांच्या नावात सामाईक काहीच नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात एकाच आडनावाची साखळी अखंड चालू दिसली तर आनंद होण्याआधी थोडा संशय यायला हवा. ती साखळी पुष्कळदा नंतर कोणीतरी मागे नेऊन जोडलेली असते.

लिपीचीही अडचण आहे. तागालोग लोक बायबायिन ही ब्राह्मी कुळातली लिपी लिहीत: तीन स्वर, चौदा व्यंजनं. देवनागरी वाचणाऱ्याला ती चटकन कळते, कारण तत्त्व तेच: 'क' लिहिला की त्यात 'अ' आलाच, वर खूण केली की 'कि' किंवा 'के', खाली केली की 'कु' किंवा 'को'. पण हलन्ताची सोय नव्हती. अक्षराच्या शेवटी येणारं व्यंजन लिहीतच नसत. त्यामुळे 'मागात' हे नाव 'मागा' असं उमटे आणि 'कापुलोंग' हे 'कापुलु' असं. 'ड' आणि 'र' यांना एकच चिन्ह. १६२० साली फ्रान्सिस्को लोपेस या धर्मगुरूने क्रॉससारखी हलन्ताची खूण सुचवली, पण लोकांनी ती उचलली नाही. मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठात १६१३ आणि १६२५ सालची जमिनीची दोन खरेदीखतं या लिपीत आहेत. त्यांत 'दोन्या' ही स्पॅनिश मानाची उपाधी लावणाऱ्या वरच्या थरातल्या स्त्रिया स्वतःच्या नावाने जमिनीचे व्यवहार करताना दिसतात. वर म्हटलेल्या दोन्हीकडच्या नात्याचा याहून ठोस पुरावा क्वचितच मिळेल. अशा खतातलं नाव स्पॅनिश कागदातल्या नावाशी लावताना शेवटची व्यंजनं गळलेली आहेत हे धरूनच शक्यता मोजाव्या लागतात.

स्पॅनिश कारकून कानाला जे ऐकू येई ते लिहीत. 'क' साठी कधी सी, कधी क्यू. 'व' साठी यू, जी-यू किंवा एच-यू. 'ब' आणि 'व्ह' यांची सरमिसळ. 'राजा' हा शब्द कागदांत राशा आणि लादिया अशा रूपांतही सापडतो. शोधताना एका नावाची निदान सहा-सात रूपं आधी लिहून घ्या. त्यात ख्रिस्ती नावांची संक्षिप्त रूपंही धरा, जसं फ्रान्सिस्कोचं 'फ्रान्को'.

करमाफीची फाईल

स्पॅनिश सत्तेने दातूंना हटवलं नाही, कामाला लावलं. बारांगाय हा कर गोळा करायचा गट ठरला, साधारण ४५ ते ५० करदात्या घरांचा. दातू झाला काबेसा दे बारांगाय, म्हणजे बारांगायाचा मुख्य. ११ जून १५९४ रोजी राजा दुसरा फिलिप याने फर्मान काढलं की ख्रिस्ती झालेल्या प्रमुखांना वाईट वागणूक देऊ नये आणि पूर्वी ते ज्यांच्यावर सत्ता चालवत ती त्यांच्याकडे राहू द्यावी. काबेसा आणि त्याचा थोरला मुलगा यांना कर आणि सक्तीची मजुरी माफ. या वरच्या थराला प्रिन्सिपालिया म्हणू लागले आणि त्यांच्या नावाआधी 'दोन' (पुरुषासाठी) किंवा 'दोन्या' (स्त्रीसाठी) हे स्पॅनिश मानाचे शब्द लागू लागले.

काही घराण्यांची माफी याहून मोठी होती. लाकान दुलाच्या वंशजांना स्पॅनिशांशी केलेल्या सहकार्याच्या बदल्यात पिढ्यानपिढ्या सूट होती. सतराव्या शतकात त्याचा पणतू, आरायातचा दोन हुआन माकापागाल याने १६६०-६१ च्या बंडांत स्पॅनिशांची बाजू धरली आणि घराण्याचा दावा आणखी पक्का केला. अशी सूट दर पिढीला नव्याने सिद्ध करावी लागे. गावातला करवसुलीचा माणूस म्हणे, 'तू कशावरून त्यांचा?' मग अर्ज, साक्षी, दाखले. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'दोन कार्लोस लाकान्दोलाचे वंशज' या नावाचा कागदांचा गठ्ठा आहे तो याच भांडणांतून तयार झाला. त्यातले सगळे विभाग आज जागेवर नाहीत. तरीही वसाहतपूर्व घराण्याची वंशावळ सरकारी कागदांत इतक्या सलग भेटण्याचं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल.

अशी फाईल कशी दिसते ते जवळून पाहू. वर अर्ज: अर्जदार कोण, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, आणि मागणी काय. मग प्रश्नांची यादी, आणि ती अर्जदारानेच तयार केलेली असे. 'साक्षीदाराला ठाऊक आहे का, की अर्जदार हा अमुक प्रमुखाचा औरस पणतू आहे?' म्हणजे उत्तर प्रश्नातच ठेवलेलं. मग साक्षीदार, बहुधा गावातले वृद्ध प्रिन्सिपाल, एकेकाचं वय आणि गाव नोंदवून. प्रत्येकजण प्रश्नाचंच वाक्य परत म्हणतो. इथे वाचणाऱ्याने एका गोष्टीवर बोट ठेवायचं: साक्षीदार 'मी पाहिलं, मी त्याच्या आजोबांना ओळखत होतो' म्हणतो की 'वडीलधाऱ्यांकडून ऐकलं' आणि 'सर्वश्रुत आहे' म्हणतो? सत्तर वर्षांच्या माणसाची पाहिलेली गोष्ट दोन पिढ्यांपर्यंत चांगला पुरावा आहे. त्याच्या मागचं सगळं ऐकीव. फाईलच्या शेवटी सरकारी वकिलाचं मत आणि निर्णय. निर्णय पाहिल्याशिवाय फाईल बंद करू नये. नामंजूर झालेल्या अर्जातली वंशावळ आज घराच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली असू शकते.

कागदसुद्धा साक्ष देतो. सतराव्या शतकापासून सरकारी अर्ज शिक्क्याच्या कागदावर करावे लागत, आणि शिक्क्यात ठरावीक दोन वर्षांचा काळ छापलेला असे. नवा साठा आला नाही तर जुन्या कागदावर पुढच्या वर्षांसाठी चालवल्याची नोंद करत. अर्जाची तारीख आणि शिक्क्यातली वर्षं जुळत नसतील आणि तशी नोंदही नसेल, तर ती प्रत नंतर केलेली आहे किंवा तिच्यात गडबड आहे.

मागे चालत जाण्याची वाट

सुरुवात नेहमी आजपासून. दातूपासून खाली येऊ पाहणारा माणूस हमखास चुकीच्या घरात शिरतो, कारण त्याला कुठे पोहोचायचं ते आधीच ठरलेलं असतं. फिलिपिन्समधली आजची नागरी नोंदणी १९३१ पासूनच्या कायद्याने चालते. तिथले जन्म आणि विवाहाचे दाखले तुम्हाला आजी-आजोबांपर्यंत नेतात. त्यामागे चर्चच्या वह्या: बाप्तिस्मा, विवाह, दफन. गोव्यातल्या चर्चच्या जुन्या वह्या ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल; १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घालून दिलेला नियम दोन्हीकडे लागू होता. कितीतरी वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. ज्या चर्चची वही तिथे नाही तिथे जाऊन किंवा बिशपच्या अभिलेखागारात विचारावं लागतं.

बाप्तिस्म्याच्या एका नोंदीतून काय काय उतरवून घ्यायचं? मूल आणि आईबाप तर झालेच. पण सर्वात महत्त्वाची दोन कलमं लोक गाळतात: 'दोन अमुकच्या बारांगायातले' हे शब्द, आणि धर्मपिता-धर्ममाता. बारांगायाच्या मुख्याचं नाव हा त्या घराचा पत्ता आहे. आडनाव बदललं तरी तो बराच काळ तोच राहतो. विवाहाच्या कागदांत नात्यातल्या लग्नासाठी घेतलेली परवानगी सापडली तर सोनंच. नातं किती पायऱ्यांचं आहे ते दाखवायला तिथे सामाईक पूर्वजापर्यंतचं झाड काढलेलं असतं. प्रिन्सिपालियातली घरं आपापसात लग्नं करत, त्यामुळे अशा परवानग्या त्यांच्यात जास्त.

१८४९ च्या उंबरठ्यावर बहुतेकांची साखळी तुटते. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढला की सर्वांनी आडनाव घ्यावं. तोवर दे ला क्रूस आणि दे लोस सान्तोस यांनी गावंच्या गावं भरली होती, आणि करवसुलीला कोण कोणता ते कळेना. सुमारे ६१ हजार शब्दांची वर्णानुक्रमे यादी छापली आणि तिची पानं प्रांतांत, गावांत वाटली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावाला आर अक्षराचं पान आलं. तिथे आजही आरने सुरू होणारी आडनावं दाट आहेत. एकाच गावातल्या दोन घरांचं आडनाव एकाच अक्षराचं म्हणून ती नात्यातली, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात, कारण ते दोन गावांत राहत होते.

चार पिढ्या एकच आडनाव चालवल्याचं दाखवणाऱ्यांना ते ठेवता आलं. लाकान्दोला, मोहिका, तुपास, राखा (म्हणजे राजा) मातांदा या नावांना करमाफी चिकटलेली होती, म्हणून ती इतरांना वाटायची नाहीत असं स्पष्ट सांगितलं होतं. इथेही पुन्हा कर आलाच.

हा उंबरठा ओलांडायची पद्धत अशी: १८५० नंतरच्या वहीतलं जोडपं घ्या, दोघांची ख्रिस्ती नावं, बारांगायाचा मुख्य, थोरल्या मुलांची नावं आणि धर्मपितर लिहा. मग १८४९ च्या आधीच्या वहीत आडनावाकडे न पाहता नेमकी तीच जोडी शोधा: त्याच गावात, त्याच बारांगायात, त्याच धर्मपितरांबरोबर. हुआन आणि मारिया ढिगाने मिळतील, म्हणून दोन जुळण्यांवर थांबू नका. निदान चार गोष्टी जुळल्या तरच पूल बांधला म्हणायचं.

त्याच्या मागे करदात्यांच्या याद्या, निवडणुकीच्या फायली, नोटरीच्या वह्या. त्या मनिलाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, जिथे स्पॅनिश काळातली एक कोटीहून जास्त पानं आहेत. गावप्रमुखाच्या, म्हणजे गोबेर्नादोर्सिल्योच्या निवडणुकीत मावळता प्रमुख आणि बारा मतदार असत, सगळे आजी-माजी काबेसा. त्यांची नावं हीच त्या गावच्या प्रिन्सिपालियाची हजेरी. सोळाव्या-सतराव्या शतकातले अर्ज आणि पत्रं स्पेनमधल्या सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात, फिलिपिनास या विभागात. त्यांतली बरीच पारेस या संकेतस्थळावर घरबसल्या उघडतात. तिथलं हस्ताक्षर मोडीसारखं लेखणी न उचलता लिहिलेलं, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडणारं. आधी अठराव्या शतकातल्या सोप्या अक्षरावर हात बसवावा आणि मग मागे जावं.

हवामानाने, वाळवीने, आगींनी आणि १९४५ च्या मनिलाच्या लढाईने जे नेलं ते परत येणार नाही. एखाद्या गावची १८०० च्या आधीची वहीच नसेल तर तिथे रेघ मारायची आणि 'इथपर्यंत पुरावा' असं लिहायचं. त्या रेघेच्या पलीकडची नावं वेगळ्या रंगात लिहावीत.

पिढ्या मोजून पाहणं हा सर्वात स्वस्त तपास आहे आणि तो फार थोडे लोक करतात. १५७१, म्हणजे लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने मनिला घेतली ते साल, ते १८४९ ही २७८ वर्षं. पिढीला २५ ते ३० वर्षं धरली तर ९ ते ११ पिढ्या. घरच्या झाडात राजा सुलायमान आणि १८४९ चा पूर्वज यांच्यामध्ये चारच नावं असतील तर मधल्या पाच-सहा पिढ्या गळल्या आहेत, किंवा झाड एका नाववाल्याकडून दुसऱ्यावर उडी मारतं आहे.

'दोन' आणि बनावट दस्त

नावाआधी 'दोन' दिसलं की दातूचं रक्त, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या कागदांवर टिकत नाही. काबेसाचं पद आधी वंशपरंपरेने चाले, पण अठराव्या शतकाच्या शेवटापासून ते निवडीवर जाऊ लागलं, आणि ठरावीक वर्षं ते सांभाळलेल्या माणसालाही प्रिन्सिपाल मानलं गेलं. तोवर व्यापारातून वर आलेली चिनी-फिलिपिनो घराणीही या थरात मिसळली होती. म्हणून १६०० च्या कागदातलं 'दोन' आणि १८७० च्या कागदातलं 'दोन' यांना एकाच तराजूत घालू नका. जुन्या घराण्याचा दावा असेल तर १७८० च्या आधीचं काबेसापद एकाच घरात पिढ्यानपिढ्या दिसायला हवं.

बनावट दस्तांनी तर दोन पिढ्यांचं शिक्षण नासवलं. पनाय बेटावरचा दातू कालान्तियाव आणि त्याने १४३३ साली केलेले कायदे पाठ्यपुस्तकांत होते, त्याच्या नावाने सन्मान दिले जात. मूळ कागद आला होसे मार्को या गृहस्थाकडून, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६० च्या दशकात एकेक धागा उसवून दाखवलं की १९१४ च्या मागे या कायद्यांचा कुठेच पत्ता लागत नाही. २००४ साली सरकारी इतिहास संस्थेनेही ते बनावट ठरवलं. तरीही कालान्तियावचे वंशज म्हणवणारी झाडं अजून फिरत आहेत. बोर्नियोतून आलेल्या दहा दातूंची माराग्तास कथा १९०७ साली छापली गेली. ती लोककथा म्हणून मोलाची आहे, पण तिच्यातल्या नावांना तारखा लावून झाडाच्या मुळाशी बसवणं चूक. कागद कोणाच्या हातून, कोणत्या साली, कुठून बाहेर आला, ही साखळी मिळत नसेल तर मजकूर कितीही आवडला तरी तो बाजूला ठेवावा.

दक्षिणेकडच्या तारसिला

मिंदानाओ आणि सुलूमध्ये स्पॅनिश सत्ता नीट पोहोचलीच नाही, आणि तिथे वंशावळ घराण्याने स्वतः लिहून ठेवली. तिला तारसिला किंवा सालसिला म्हणतात: अरबी सिलसिला, म्हणजे साखळी, जो शब्द आपणही रोज वापरतो. लिपी अरबी, भाषा मलय, मागिंदानाव किंवा तौसुग. नजीब सलीबी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांनी स्थानिक दातूंकडून प्रती मिळवून १९०५ साली मागिंदानावच्या तारसिलांचे अनुवाद छापले; आजही अभ्यास तिथूनच सुरू होतो.

तारसिलाची बांधणी ठरलेली असते. वरचं टोक प्रेषितांच्या कुळाला बांधलेलं, मध्ये जोहोर किंवा सुमात्रा, आणि मग परका शरीफ, म्हणजे प्रेषितांच्या कुळातला मानला जाणारा माणूस, इथल्या किनाऱ्यावर उतरतो आणि इथल्या राजकन्येशी लग्न करतो. मागिंदानावमध्ये तो शरीफ काबुंगसुवान. आणि त्याची एक बायको पुत्री तुनिना, जी बांबू तोडताना त्याच्या पेरात सापडली. बांबूतली मुलगी ही थाप म्हणून खोडून टाकू नका. बाहेरून आलेल्या घराण्याने इथल्या जुन्या कुळाशी सोयरीक करून जमिनीवरचा हक्क मिळवला, हे सांगायची ती रीत आहे. सुलूतही तोच साचा: पंधराव्या शतकाच्या मध्यावर आलेला शरीफ उल-हाशिम, सुमात्रातून आधीच आलेला राजा बागिंदा, आणि त्याची मुलगी पारामिसुली.

वाचताना तीन थर वेगळे करा. अरबस्तानातला भाग म्हणजे मान्यतेचा दावा. उतरणं आणि लग्न हा भाग म्हणजे स्मरण. त्यानंतरचे सुलतान मात्र डच, स्पॅनिश, इंग्रज पत्रव्यवहारात सापडतात आणि तारखेनिशी ताडून पाहता येतात. गादीवर भांडण झालं की प्रती नव्याने उतरवल्या जात आणि हरलेल्या शाखेची नावं आखूड होत. म्हणून एका प्रतीवर विसंबू नये. दोन भांडणाऱ्या शाखांच्या प्रती समोरासमोर ठेवाव्यात आणि दोघींत सारखं आहे ते आधी उचलावं.

सुलूची एक शाखा मात्र तारसिलात नाही, चीनमध्ये आहे. पहिल्या सुलतानाच्याही आधी, १४१७ साली, पूर्व सुलूचा राजा पादुका बातारा मिंग सम्राटाच्या भेटीला गेला. नावात आपले पादुका आणि भट्टार दोन्ही ऐकू येतात. परतीच्या वाटेवर शानदोंग प्रांतातल्या दजौ इथे तो वारला आणि सम्राटाने तिथेच त्याचं थडगं बांधवलं. थोरला मुलगा गादी सांभाळायला परत गेला. राणी आणि दोन धाकटे मुलगे थडग्याची देखभाल करायला मागे राहिले. त्या दोन मुलांच्या नावांची पहिली अक्षरं, वन आणि आन, हीच वंशजांची आडनावं झाली. तीनशे वर्षं ते परक्या राजाचे लोक म्हणून राहिले. अठराव्या शतकात चिंग सम्राट युंगचंग यांच्या काळात सुलूच्या सुलतानाने विनंती केली, आणि त्यांची नावं दजौच्या रहिवाशांच्या सरकारी नोंदीत चढली. ही दोन आडनावं आजही त्या थडग्याच्या शेजारच्या वस्तीत आहेत.